मंगळवारी रुसणारा प्रिंटर

उबंटू ही लिनक्सची लोकप्रिय आवृत्ती. २००९ साली तिच्या दोषनोंदींत एक तक्रार गाजली. घरच्या प्रिंटरवर ओपनऑफिस या सॉफ्टवेअरमधून मंगळवारी छापलं जात नाही, हे वापरणाऱ्याच्या बायकोच्या लक्षात आलं होतं. सोमवारी छापलं जातं, बुधवारी छापलं जातं, मंगळवारी मात्र कागद बाहेर येत नाही. नवऱ्यानं पाहिलं, तर बायकोचं म्हणणं अगदी खरं निघालं.

प्रिंटर निर्दोष होता. त्याच्या सोबत आलेली एक छोटी आज्ञावली, छापायला आलेली फाइल पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत आहे का, हे ‘फाइल’ नावाच्या जुन्या युनिक्स साधनाला विचारत असे. हे साधन फाइलीतले बाइट पाहतं, आपल्याजवळच्या नियमांच्या यादीशी ताडतं आणि प्रकार सांगतं. त्या यादीत एरलँग या संगणकभाषेच्या एका जुन्या फाइलप्रकाराचा नियम होता. ठरावीक जागी ‘मंगळवार, २२ जानेवारी १९९१’ अशा अर्थाचा वेळेसकटचा लांबलचक इंग्रजी शिक्का दिसला, तर ती एरलँगची फाइल, असा तो नियम. पण या यादीत मोकळी जागा म्हणजे एक रकाना संपून दुसरा सुरू झाल्याची खूण. शिक्क्यातल्या मोकळ्या जागा ‘मजकुराचाच भाग’ म्हणून राखायला हव्या होत्या, त्या राहून गेल्या. त्यामुळे शिक्क्यातला पहिला शब्द, म्हणजे वाराच्या इंग्रजी नावाची तीन अक्षरं ‘ट्यू’, एवढीच नियमात उरली. पोस्टस्क्रिप्ट फाइलीच्या डोक्यावर ती कधी तयार झाली त्याची तारीख पुष्कळदा वारासकट असते. मंगळवारी तयार झालेल्या फाइलीत नेमक्या त्या जागी ती तीन अक्षरं यायची, फाइल एरलँगची ठरायची आणि छपाई तिथेच थांबायची.

ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात छपाईचा एक महत्त्वाचा टप्पा उघडा पडतो. कागद, शाई, केबल, ड्रायव्हर या सगळ्यांच्या आधी संगणकाला एक प्रश्न सोडवावा लागतो : समोर आलेली ही फाइल आहे तरी कसली? इथे चूक झाली की पुढचं सगळं बिनचूक होऊनही हाती रद्दी येते. हे उत्तर शोधण्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असतात आणि ते आपल्याला वाचता येतात, बदलताही येतात. फक्त तो बदल नेमका हवा.

नावावर विश्वास का नाही

लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर छपाईचं काम ‘कप्स’ ही यंत्रणा पाहते. कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम हे तिचं मूळ नाव. मायकेल स्वीट यांनी ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स या आपल्या कंपनीत १९९७ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली. अ‍ॅपलनं २००२ मध्ये ती मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये तिचे हक्कही विकत घेतले. आज ओपनप्रिंटिंग हा गट तिची देखभाल करतो.

फाइल कसली आहे हे तिच्या नावाच्या शेपटावरून कळत नाही का, असं कुणीही विचारेल. घरच्या संगणकावर आपण तेच करतो : शेवटी ‘पीडीएफ’ दिसलं की पीडीएफ. छपाईच्या रांगेत मात्र नाव पुष्कळदा पोचतच नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर बिल तयार करतं आणि फाइल न बनवता थेट रांगेत ओततं. रांगेत शिरल्यावर कप्स त्या मजकुराला स्वतःचं नाव देतं : ‘डी’ हे अक्षर, पुढे कामाचा क्रमांक, मग आडवी रेघ आणि ००१. या नावावरून काही कळणार नाही. आणि नाव आलं तरी ते खरं असेलच असं नाही. फोटोचं नाव बदलून त्याच्यामागे ‘पीडीएफ’ लावलं म्हणून तो फोटो पीडीएफ होत नाही.

म्हणून कप्स फाइलीच्या आत डोकावतं. बहुतेक फाइलप्रकारांच्या सुरुवातीलाच ओळख पटवणारे काही बाइट असतात. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हानं आणि त्याला चिकटलेल्या ‘पीडीएफ’ या तीन रोमी अक्षरांनी सुरू होते. पोस्टस्क्रिप्टच्या सुरुवातीला टक्क्याचं आणि उद्गारवाचक चिन्ह असतं. जिफ चित्रात पहिली सहा अक्षरं ‘जिफ८७ए’ किंवा ‘जिफ८९ए’. पीएनजीचा पहिला बाइट १३७ आणि पुढे ‘पीएनजी’ ही अक्षरं. टिफ चित्र दोनदा ‘आय’ किंवा दोनदा ‘एम’ लिहून सुरू होतं आणि पुढच्या दोन बाइटांत ४२ हा आकडा असतो. बाइटांचा क्रम उलटा की सुलटा, ते ‘आय’ की ‘एम’ यावरून कळतं.

ओळख पटली की फाइलीला एक प्रकारनाव मिळतं : ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’, ‘इमेज/पीएनजी’, ‘टेक्स्ट/प्लेन’. ही दुपाखी नावं ‘माइम’ पद्धतीची. नॅथानिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ईमेलला चित्रं आणि आवाज जोडता यावेत म्हणून ती घडवली. पुढे वेबनं ती उचलली, मग छपाईनंही.

नियमाचं व्याकरण

कप्सचे मूळ नियम ‘माइम डॉट टाइप्स’ नावाच्या फाइलीत असतात. प्रत्येक ओळीत डावीकडे प्रकाराचं नाव आणि उजवीकडे त्याच्या खुणा. खुणा सांगायला मोजकेच शब्द आहेत. ‘स्ट्रिंग’ म्हणजे अमुक जागी अमुकच अक्षरं हवीत. ‘कंटेन्स’ म्हणजे अमुक जागेपासून इतक्या बाइटांच्या आत ती कुठेही सापडली तरी चालतील. ‘कॅर’, ‘शॉर्ट’ आणि ‘इंट’ हे अनुक्रमे एक, दोन आणि चार बाइटांचा आकडा तपासतात. ‘आस्की’ आणि ‘प्रिंटेबल’ हे सुरुवातीचा मजकूर वाचण्याजोगा आहे का ते पाहतात. ‘रेजेक्स’नं अक्षरांचा साचा देता येतो. नुसतं ‘पीडीएफ’ किंवा ‘टीएक्सटी’ लिहिलं, तर ते नावाचं शेपूट.

या खुणा जोडायच्या कशा, यात खरी मेख आहे. अधिकचं चिन्ह म्हणजे ‘आणि’. उद्गारवाचक चिन्ह म्हणजे ‘नाही’. स्वल्पविराम म्हणजे ‘किंवा’. आणि मोकळी जागा म्हणजेही ‘किंवा’! म्हणजे पीडीएफच्या नियमात नावाचं शेपूट आणि टक्क्याची खूण शेजारी शेजारी लिहिलेली दिसली, तर त्याचा अर्थ ‘दोन्ही हवीत’ असा नाही, ‘दोहोंपैकी एक पुरे’ असा आहे. वर सांगितलेला नाव बदललेला फोटो नावासकट रांगेत आला, तर या ‘किंवा’मुळे तो पीडीएफ ठरू शकतो. मंगळवारच्या प्रकरणात मोकळ्या जागेनं नियम मध्येच तोडला. इथे तीच मोकळी जागा नियम सैल करते.

एकाच फाइलीला दोन नियम लागू पडले तर? प्रत्येक नियमाला अग्रक्रमाचा आकडा देता येतो. दिला नाही तर तो १०० धरतात. मोठा आकडा जिंकतो. आकडे सारखे असले, तर प्रकारनावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमात जे आधी येतं ते जिंकतं. म्हणून ‘अ‍ॅप्लिकेशन’नं सुरू होणारे प्रकार ‘टेक्स्ट’च्या आधी निवडले जातात. पण वर्णानुक्रमाच्या भरवशावर राहणं बरं नव्हे; अग्रक्रम स्पष्ट लिहावा.

मूळ नियमांत अनुभवानं घातलेल्या दुरुस्त्याही दिसतात. पोस्टस्क्रिप्टचा नियम नुसती टक्का-उद्गार ही जोडी पाहून थांबत नाही. विंडोजवरचे काही ड्रायव्हर तिच्या आधी चार हा अदृश्य बाइट सोडतात, तोही नियमात धरलेला आहे. काही प्रिंटरांसाठी फाइलीच्या पुढे एस्केप चिन्हानं सुरू होणाऱ्या आज्ञांची ओळ लावलेली असते आणि पुढची भाषा पोस्टस्क्रिप्ट असल्याचं तीत सांगितलेलं असतं. नियम ती ओळ पहिल्या ४०९६ बाइटांत शोधतो. पीडीएफचा नियम पूर्वी अगदी पहिल्या बाइटाचाच आग्रह धरायचा. पुढे त्यात आधीच्या रिकाम्या ओळी चालतील अशी सवलत आली. अशी प्रत्येक सवलत म्हणजे कुठेतरी न छापल्या गेलेल्या फाइलीचा मागमूस.

लेबल छापण्याचा नियम

आता एक प्रसंग जवळून पाहू. गोदामात, कुरिअरच्या कचेरीत, औषधांच्या दुकानात बारकोडची लेबलं छापणारे छोटे प्रिंटर असतात. त्यांतल्या अनेकांना झेडपीएल ही झेब्रा कंपनीची भाषा समजते. ती पूर्णपणे वाचता येण्याजोग्या रोमी अक्षरांत लिहिलेली असते. लेबल ‘^एक्सए’नं सुरू होतं आणि ‘^एक्सझेड’नं संपतं. छापायचा मजकूर ‘^एफडी’नंतर येतो. आज्ञा साध्या अक्षरांतल्या असल्यामुळेच घोटाळा होतो. कप्सला ती फाइल साधा मजकूर वाटते, ‘टेक्स्ट/प्लेन’ ठरते आणि कप्स तिला छापण्याजोग्या पानाचं रूप देतं. मग चिकटपट्टीवर बारकोडाऐवजी ‘^एक्सए’ आणि तिच्यामागच्या आज्ञांच्या ओळी जशाच्या तशा उमटतात. प्रिंटर चालू, रांग चालू, कुठे चूक दाखवलेली नाही, आणि रोलच्या रोल वाया.

यावर उपाय म्हणजे झेडपीएलसाठी स्वतंत्र नियम. पहिला मोह होतो तो ‘सुरुवातीलाच ^एक्सए असेल तर झेडपीएल’ असं लिहून मोकळं होण्याचा. त्यानं अर्धं काम होतं. झेब्राच्या लेबल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं तयार केलेल्या फाइलींत ‘^एक्सए’च्या आधी दुसरी एक ओळ असते, ती ‘सीटी’ आणि लागोपाठ दोन नागमोडी चिन्हांनी सुरू होते. ती फाइल पहिल्या नियमातून निसटते. मग दुसरा मोह : पहिल्या काहीशे बाइटांत कुठेही ‘^एक्सए’ सापडलं तरी झेडपीएल मानायचं. आता नियम फारच सैल झाला. झेडपीएल शिकवणाऱ्या एखाद्या टिपणात वरच्या परिच्छेदातच ती खूण असेल, तर ते टिपणही लेबल म्हणून जाईल.

नेमका नियम या दोहोंच्या मधला. पहिली अट : अगदी सुरुवातीला ‘^एक्सए’. किंवा दुसरी, दोन भागांची अट : सुरुवातीला त्या सॉफ्टवेअरची ठरलेली अक्षरं आणि पहिल्या १२८ बाइटांत ‘^एक्सए’. ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांची गल्लत होऊ नये म्हणून दुसरी अट कंसात टाकायची. अग्रक्रम १५० द्यायचा, म्हणजे साध्या मजकुराच्या नियमावर हा नेहमीच भारी पडेल.

हा नियम ‘माइम डॉट टाइप्स’मध्ये घुसडायचा नाही. यंत्रणेची नवी आवृत्ती आली की ती फाइल नव्यानं लिहिली जाते आणि आपला नियम गुपचूप नाहीसा होतो. त्यासाठी कप्सच्या सेटिंगच्या फोल्डरात ‘लोकल डॉट टाइप्स’सारखी स्वतःची फाइल ठेवायची. शेवटी ‘टाइप्स’ असलेल्या तिथल्या सगळ्या फाइली कप्स वाचतं. मात्र त्या वाचल्या जातात सेवा सुरू होताना. म्हणून नियम लिहिल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी लागते, नाहीतर नवा नियम कागदावरच राहतो.

ओळखीनंतरची वाट

प्रकार कळला म्हणजे छपाई झाली असं नाही. त्या प्रकारापासून प्रिंटरला कळणाऱ्या रूपापर्यंत वाट हवी. ती ‘कन्व्ह्ज’ नावाच्या फाइलींत असते. तिथल्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी : कोणत्या प्रकारातून, कोणत्या प्रकारात, किती खर्चानं आणि कोणत्या फिल्टरकरवी, म्हणजे रूपांतर करणाऱ्या छोट्या आज्ञावलीकरवी. खर्च म्हणजे पैसे नव्हेत, शून्य ते शंभरमधला एक तुलनेचा आकडा. साधा मजकूर आधी पीडीएफ होतो, मग पानांची मांडणी लागते, मग त्याचं ठिपक्यांच्या चित्रात रूपांतर होतं आणि शेवटी ते प्रिंटरच्या भाषेत जातं. मुक्कामाला पोचण्याचे अनेक रस्ते असतील, तर एस.टी.च्या बदलीच्या गाड्या जोडून सर्वांत कमी भाड्याचा प्रवास निवडावा, तसा कप्स सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडतं.

झेडपीएलला मात्र कसलंच रूपांतर नको. ती जशीच्या तशी प्रिंटरकडे जायला हवी. त्यासाठी ‘कप्स-रॉ’ हा खास प्रकार आहे. ‘लोकल डॉट कन्व्ह्ज’मध्ये लिहायचं : झेडपीएलपासून कप्स-रॉपर्यंत, खर्च शून्य, आणि फिल्टरच्या जागी नुसती आडवी रेघ. रेघेचा अर्थ ‘काही करू नका’. ओळखीचा नियम लिहिला आणि ही ओळ राहिली, तर कप्स फाइल बरोबर ओळखतं आणि ती छापता येत नाही म्हणून नाकारतं.

कोणताच नियम लागू पडला नाही, तर फाइलीला ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ म्हणतात, म्हणजे नुसताच बाइटांचा ओघ. हा प्रकार स्वीकारत नाही, असा निरोप लिनक्सवर छपाई बसवणाऱ्या अनेकांच्या ओळखीचा आहे. विंडोज आणि लिनक्स यांना जोडणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमार्फत विंडोजच्या संगणकांवरून प्रिंटरच्या भाषेतला तयार माल यायचा, तो कप्सला ओळखता येत नसे. त्या काळी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे दोन फाइलींतल्या ‘ऑक्टेट-स्ट्रीम’च्या ओळींपुढचं बंदीचं चिन्ह काढून टाका. काम व्हायचं, पण दारही सताड उघडं व्हायचं. मग कुणी चुकून संगीताची किंवा झिपची फाइल पाठवली, तर तीही प्रिंटरकडे जशीच्या तशी जायची आणि पानापानावर दोन-चार निरर्थक चिन्हं उमटत राहायची. एका प्रकाराची अडचण सोडवायला सगळ्यांना मोकळीक देण्यापेक्षा त्या प्रकाराचा नियम लिहिणं केव्हाही बरं.

वर्डच्या ‘डॉक्स’ फाइलीचं उदाहरण उलट्या बाजूनं शिकवतं. ती आतून झिपच असते आणि ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते. एक्सेलच्या फाइली, ई-पुस्तकं, अँड्रॉइडची अ‍ॅप, सगळ्यांची सुरुवात हीच. ‘पीके दिसलं की वर्ड’ असा नियम केला, तर उद्या एखादं अ‍ॅपही पत्र म्हणून छापायला जाईल. सुरुवातीची खूण आहे म्हणून ती पुरेशी आहे असं नाही.

मराठी मजकुराचं काय होतं

साधा मजकूर ओळखण्याच्या नियमात ‘प्रिंटेबल’ ही खूण वापरतात, ‘आस्की’ नव्हे; पहिले १०२४ बाइट छापण्याजोगे हवेत, इतकीच तिची अट. हा फरक आपल्या कामाचा आहे. ‘आस्की’त रोमी लिपीपुरती चिन्हं बसतात. ‘प्रिंटेबल’मध्ये १२८च्या पुढचे बाइटही चालतात. आज मराठी मजकूर बहुतेक यूटीएफ-८ पद्धतीनं साठवला जातो. तीत ‘म’ या अक्षराचे तीन बाइट होतात : २२४, १६४ आणि १७४. तिन्ही १२८च्या वरचे, म्हणजे मराठी फाइल साधा मजकूर म्हणून ओळखली जाते. तीच फाइल कुणी यूटीएफ-१६ पद्धतीनं जतन केली, तर शब्दांमधल्या साध्या मोकळ्या जागेतही एक शून्य बाइट येतो. शून्य छापण्याजोगं नाही, त्यामुळे तिला मजकूर मानलं जात नाही. दोन फाइली पडद्यावर अक्षरशः सारख्या दिसतात, पण एक रांगेत घेतली जाते आणि दुसरी परत येते.

युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मराठी फाइलींची गंमत आणखी वेगळी. त्यांत मराठी अक्षरांच्या जागी रोमी आणि युरोपीय चिन्हांचे आकडे असतात. नियमाच्या दृष्टीनं तो निर्दोष मजकूर असतो, तो आनंदानं छापला जातो, आणि कागदावर भलतीच अक्षरं येतात. प्रकार ओळखणं आणि लिपी ओळखणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचं काम तर तिसरंच. म्हणून मराठी मजकूर फॉन्ट आत घालून पीडीएफ करावा आणि मग छापायला द्यावा, हेच सोयीचं.

तपासल्याशिवाय नियम नाही

नियम लिहिला की तो खऱ्या फाइलीवर तपासायला हवा. छपाईचं काम संपल्यावरही त्याची फाइल काही काळ राखून ठेवायला कप्सला सांगता येतं. गोंधळ घालणारी मूळ फाइल तिथून उचलायची आणि तिचे पहिले बाइट हेक्स दाखवणाऱ्या साधनात पाहायचे. आपल्याला वाटत असलेल्या आणि प्रत्यक्षात आलेल्या सुरुवातीत पुष्कळदा फरक असतो : एखादी रिकामी ओळ, एखादा अदृश्य बाइट, यूटीएफची खूण. ‘कप्सफिल्टर’ या आज्ञेला फाइल देऊन कोणकोणते फिल्टर लागतील, ती यादी कागद न दवडता पाहता येते. नोंदींचा तपशील वाढवला, तर फाइलीला कोणता प्रकार दिला गेला तेही तिथे दिसतं. आणि नियम ज्या फाइलीसाठी केला तिच्यासोबत, ज्या फाइली त्यात सापडू नयेत त्यांवरही तो चालवून पाहायचा. मंगळवारच्या नियमाची एरलँगखेरीज दुसऱ्या फाइलींवर अशी परीक्षा झाली असती, तर तो कदाचित वेळीच सापडला असता.

आता नवे प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट पद्धतीनं आपल्याला कोणते प्रकार चालतात ते स्वतःच सांगतात, आणि बहुतेक छपाई पीडीएफ किंवा ठरलेल्या ठिपकेचित्रांच्या रूपात होते. त्यामुळे घरात या नियमांना हात लावायची वेळ क्वचितच येईल. लेबल, पावत्या आणि जुनी हिशेबाची सॉफ्टवेअर जिथे आहेत, तिथे ती अजून येते. तिथेही आधी पाहावं ते हे, की पाठवणारं सॉफ्टवेअर प्रकार स्वतः सांगू शकतं का. छपाईच्या आज्ञेत ‘हे झेडपीएल आहे’ असं स्पष्ट लिहिता येतं. तसं सांगितलं की कप्स अंदाज बांधत बसत नाही. ते शक्य नसेल, तरच नियम लिहावा. स्वतःच्या फाइलीत लिहावा, शक्य तितका अरुंद ठेवावा आणि तो कुठल्या सॉफ्टवेअरसाठी, कोणत्या अडचणीमुळे केला, ते त्याच्याच वर एका ओळीत नोंदवावं. दोन वर्षांनी ती यंत्रणा दुसऱ्या कुणाच्या हाती गेली, तर हा नियम ठेवायचा की काढायचा, हे त्याला त्या एका ओळीवरून ठरवता येईल.